मागच्या चाकाचे दुखणे

खंडेनवमीला आमच्या घरी तीन शस्त्रे पूजेला बसतात : आजोबांचा विळा, माझी शाळेतली लाकडी पट्टी (तिची आठवण माझ्यापेक्षा माझ्या विद्यार्थ्यांना अधिक असेल) आणि आबांची फटफटी. पहिली दोन पाटावर मावतात. फटफटीला अंगणात धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून उभी करतात, आणि आई तिच्या मागच्या बैठकीवर हळदकुंकवाचे बोट टेकवते. दिव्यावर नाही, टाकीवर नाही; मागच्या बैठकीवर. त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

गाडी जावा आहे. म्हैसूरची, १९६६ सालची. गेल्या वर्षी नवमीला महिनाभर अवकाश असताना ती बिघडली. इंजिनाची तक्रार नव्हती; ते बापडे अजून पहिल्या-दुसऱ्या लाथेला बोलते. बिघडला होता तो मागचा भाग. एका खड्ड्याला चार उड्या! वळणावर तर मागच्या चाकाचे आपले निराळेच मत असावे, असा त्याचा वागण्याचा रोख. आमच्या कोल्हापुरातल्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बैठक दोन्ही हातांनी दाबली, सोडली, आणि तोंडातली सुपारी एका गालात सारून निकाल दिला, "काका, शॉकअप गेल्यात. खोलायच्या नादाला लागू नका. नवी जोडी टाका, न्हाईतर गाडी काढून टाका."

नवी जोडी टाकली. ती कुठल्या गाडीसाठी केली होती देव जाणे. इतकी ताठ, की तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली. धाकट्या भावाने विषयाला तोंड फोडले. "दादा, विकून टाकू या. जुन्या जावाला हल्ली चांगले पैसे येतात." आई ओसरीवर वाती वळत बसली होती. ती काही बोलली नाही. वाती वळणारा हात तेवढा थांबला.

जावाच्या आधी आमच्याकडे दुसरी फटफटी होती. लष्कराने लढाईनंतर काढून टाकलेली बी. एस. ए. एम-२०. लढाईच्या काळात ब्रिटिशांनी ह्या जातीच्या सव्वा लाखाच्या वर गाड्या बांधल्या, आणि त्यांतल्या हिंदुस्थानात राहिलेल्या अनेक पुढे मुलकी माणसांच्या दारात आल्या. आबा साखर कारखान्यात फील्डमन होते. ऊस बघायचा, नोंदी करायच्या, शेतकऱ्यांशी हुज्जत घालायची, आणि हे सगळे बैलगाडीच्या चाकोरीतून फिरत. एम-२० दणकट होती, पण तिच्या मागच्या चाकाला स्प्रिंग म्हणून नव्हती. चाकाचा आस थेट सांगाड्याला आवळलेला. बसणाऱ्याच्या बैठकीखाली दोन वळ्या होत्या, तेवढाच काय तो दयाभाव. दगडावरून चाक गेले की तो दगड माणसाच्या माकडहाडाला जाऊन भेटे. सात वर्षांत आबांच्या पाठीचा एक मणका सरकला. डॉक्टरांनी चामड्याचा पट्टा बांधायला दिला आणि सांगितले, "फिरतीची नोकरी सोडा, नाहीतर गाडी सोडा." फिरती सोडली तर पगार निम्मा. त्या वेळी आईने पाटल्या काढून दिल्या. त्या पाटल्यांची ही जावा. आबा तेव्हा आईला म्हणाले होते म्हणे, "बाकी गाडी फुकट आली असं समज. पैसे दिलेत ते मागच्या दोन नळ्यांचे."

त्या दोन नळ्या मी भंगारात घालणार होतो.

शिक्षकी पेशा इतिहासाचा. तेव्हा पान्याला हात घालण्याआधी पुस्तकांना घातला, आणि जे हाती लागले त्याने मी चकित झालो. फटफटीच्या मागच्या चाकाला स्प्रिंग लावावी, ही काही नवी कल्पना नव्हे. अमेरिकेतल्या 'इंडियन' नावाच्या कंपनीने (आपला तिच्याशी नावापुरताही संबंध नाही) १९१३ सालीच मागच्या चाकाला टांग्याला असतात तसे पाटे लावले होते. ते काही वर्षांतच मागे पडले. पुढच्या चाकाला सगळ्यांनी स्प्रिंगा दिल्या आणि मागचे चाक आवळलेले ते आवळलेलेच राहिले. नंतरची जवळजवळ पस्तीस-चाळीस वर्षे जगातल्या बहुतेक फटफट्या अशाच चालल्या.

का? कारखानदारांची कारणे अगदीच पोकळ नव्हती. मागचे चाक हलते केले की ते ज्या खिळीवर हलते ती खिळी झिजते, मग चाक आजूबाजूलाही हलू लागते आणि गाडी वळणावर शेपटी हलवते. साखळीचा ताण कमी-जास्त होतो. पण ह्या कारणांच्या तळाशी एक समजूत होती : मागची स्प्रिंग म्हणजे चैन. मऊ गादी. ज्याला धक्के सोसत नाहीत त्याने फटफटीवर बसूच नये. आमच्या तालमीतले वस्ताद असेच काही बोलत.

ही समजूत मोडायला निघालेला पहिला मोठा माणूस मला फार आवडला. इटलीत कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो गावी गुझ्झीचा कारखाना. तिथल्या जुझेप्पे गुझ्झीने मागच्या चाकाला स्प्रिंगा दिलेला सांगाडा तयार केला. लोक विश्वास ठेवीनात. तेव्हा हे गृहस्थ १९२८ साली त्याच गाडीवर बसले आणि युरोपच्या उत्तर टोकाला, नॉर्वेतल्या नॉर्थ केपपर्यंत, जाऊन आले. जाऊन-येऊन सहा हजार किलोमीटरांवर प्रवास, आणि त्या वेळचे तिकडचे रस्ते! गाडीचे नावच मग 'नॉर्जे' पडले. तरीही शर्यतवाले नाक मुरडत होते. आराम मिळतो हे कबूल, पण वेगाचे काय?

वेगाचे उत्तर १९३५ साली मिळाले. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन बेटावर दर वर्षी शर्यत होते. साधे सार्वजनिक रस्ते, गावे, डोंगर, सुमारे साठ किलोमीटरांचा एक फेरा, त्या वेळी असे सात फेरे. एकामागून एक काही सेकंदांच्या अंतराने स्वार सुटतात, त्यामुळे कोण जिंकले ते घड्याळच सांगते. नॉर्टनवर जिमी गथ्री, मागचे चाक आवळलेले. गुझ्झीवर डब्लिनचा स्टॅन्ली वुड्स, मागचे चाक स्प्रिंगेवर. गथ्री खूप आधी सुटलेला, तो आधी पोचला आणि लोकांनी त्याचे अभिनंदनही सुरू केले. वुड्सच्या माणसांनी शेवटच्या फेऱ्याआधी पेट्रोल भरायची तयारी मांडून ठेवली होती. म्हणजे हा थांबणार आणि मागे पडणार, हा सगळ्यांचा हिशेब. वुड्स थांबलाच नाही. शेवटचा फेरा त्याने ताशी ८६ मैलांवर सरासरी ठेवून मारला आणि सात फेऱ्यांच्या शर्यतीत गथ्रीला चार सेकंदांनी हरवले. चार सेकंद! आपण चष्मा पुसायला ह्याहून अधिक वेळ घेतो.

कळीची गोष्ट अशी की मागचे चाक आवळलेले असले की खाचेवर ते जमीन सोडते, आणि जे चाक हवेत आहे ते गाडीला ढकलतही नाही आणि थोपवतही नाही. स्प्रिंग माणसाच्या सुखासाठी आहे हे खरेच. पण तिचे पहिले काम चाक जमिनीवर ठेवणे.

आता इथे एक घरगुती अडचण येते. आमच्या ओसरीवर झोपाळा आहे. पोरांनी एकदा जोरात झोका दिला की तो आपला येतो-जातो, येतो-जातो. स्प्रिंगेचेही तसेच. खड्ड्याचा धक्का ती पोटात घेते खरी, पण घेतलेले ठेवून घेत नाही, परत करते. मग गाडी नाचते. झोपाळा थांबवायला आबा काय करीत? पाय जमिनीला घासत. तो घासणारा पाय म्हणजे शॉकअप. नावाने सगळ्यांची दिशाभूल केली आहे. धक्का शोषते ती स्प्रिंग. हा नळीतला गडी स्प्रिंगेचा उत्साह शोषतो. गुझ्झीच्या काळात हा पाय म्हणजे एकमेकींवर आवळलेल्या चकत्या असत, त्यांच्या घर्षणावर काम चाले. पावसात भिजल्या की ढिल्या, सुकल्या की ताठ. त्यांच्या जागी तेल आले तेव्हा खरा बदल झाला. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके. भोकातून तेल ढकलायला जोर लागतो, तो जोर उष्णता होऊन निघून जातो. खाली बसताना तेलाला मोठी वाट, वर येताना बारीक. म्हणून चाक झटकन वर उचलले जाते आणि सावकाश परत येते. झाले, एवढीच विद्या.

मागच्या चाकाच्या बाबतीत ही विद्या मार्गी लावण्यात मोठा वाटा ज्याचा, तो कुठल्या मोठ्या कारखान्यातला नव्हता. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा रेक्स मॅककँडलेस, रीतसर इंजिनिअरिंग न शिकलेला. लढाई चालू असताना, १९४४ साली, त्याने स्वतःची एक गाडी जुळवली. मागचे चाक एका झुलत्या दुबेळक्यात धरले आणि त्या दुबेळक्यावर दोन बाजूंना दोन तेलाच्या नळ्या उभ्या केल्या. नळ्या आणल्या कुठून? सित्रोएन मोटारीच्या काढून! आपल्या उद्यमनगरात ह्याला कुणी शोध म्हणाले नसते, जुगाड म्हणाले असते. पुढे हे दोघे भाऊ आवळ चाकाच्या गाड्यांना असे झुलते दुबेळके बसवण्याचे संच करू लागले, आणि अखेर त्याच नॉर्टन कंपनीने, जिचा स्वार १९३५ साली हरला होता, मॅककँडलेसचा सांगाडा घेतला. १९५० साली आइल ऑफ मॅनवर मोठ्या शर्यतीत पहिला जेफ ड्यूक आणि पहिल्या तिन्ही जागा नॉर्टनच्या. त्यांचाच एक स्वार हॅरल्ड डॅनिएल म्हणाला की ही गाडी म्हणजे पिसांची गादी आहे, आणि तेच नाव त्या सांगाड्याला कायमचे चिकटले : फेदरबेड. जी मऊ गादी चैनीची म्हणून हिणवली गेली, तीच शेवटी पहिली आली.

आमच्या जावाची कुळकथा मात्र प्रागमधली. जर्मनांच्या ताब्यातल्या त्या शहरात, लढाईच्या काळात, जावाच्या माणसांनी चोरून एक नवी गाडी आखली. तपासणीसाठी रस्त्यावर काढताना तिला जर्मन डी. के. डब्ल्यू.चे नाव लावीत, म्हणजे कुणी विचारू नये. १९४६ साली ती जगापुढे आली. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन उभ्या स्प्रिंगा होत्या, म्हणून चेक लोकांनी तिला नाव दिले 'पेराक', म्हणजे स्प्रिंगवाली. गंमत पाहा, लढाईतल्या प्रागमध्ये ह्याच नावाच्या एका माणसाची दंतकथा पसरली होती. बुटांना स्प्रिंगा बांधून तो रात्री छपरांवरून उड्या मारी आणि शत्रूच्या शिपायांना चकवी. यिर्झी त्रन्काने १९४६ साली त्यावर एक व्यंगचित्रपटही काढला. नंतर १९५४ साली जावाची २५० सी.सी.ची ३५३ जातीची गाडी निघाली. मागे झुलता दुबेळका आणि तेलाच्या नळ्या. तिला लोक म्हणू लागले 'कीवाच्का', झुलणारी. म्हणजे आपण गाडीला तिच्या आवाजावरून फटफटी म्हणालो आणि त्यांनी तिच्या मागच्या चाकावरून नावे ठेवली. कुणाचे लक्ष कुठे, ह्याचा हा पुरावा!

ती कीवाच्का आपल्याकडे आली मुंबईच्या इराणी मंडळींच्या हातून. आधी ते जावा आयात करीत. मग म्हैसूरला कारखाना काढून १९६१ पासून तिथेच बांधू लागले. (तोवर मद्रासला बुलेटही बांधली जात होतीच, १९५५ पासून; तिलाही झुलता दुबेळका होता.) १९७३ पासून म्हैसूरच्या गाडीचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आले, पण त्यांचा आणि आमच्या अंगणातल्या गाडीचा नात्याने दूरचाच संबंध. आमचीची किक आणि गिअर एकाच दांडीवर आहेत, आणि किल्ली हरवली तर खिळा चालतो.

इतके वाचल्यावर माझा धीर वाढला. बेलफास्टच्या माणसाने मोटारीच्या नळ्या काढून फटफटीला लावल्या, तर मला आमच्या नळ्या खोलायला काय हरकत? आबांनी कुठलीही वस्तू टाकायची नाही ह्या नियमाने जुनी जोडी माळ्यावर, गोणपाटात ठेवायची सवय घरात लावली होतीच. ती खाली काढली. नातवाला मदतीला घेतले.

डाव्या नळीला लाल दोरा बांधला, उजवीला पांढरा, म्हणजे सुटे भाग एकमेकांत मिसळू नयेत. वरच्या डोळ्याचे नट रात्रभर घासलेटात बुडवले. स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय डोळा सुटत नाही, आणि इथेच आमची फजिती झाली. नातवाने दाबली, मी फिरवले, त्याचा हात घसरला. स्प्रिंग सुटून गेली ती थेट तुळशीच्या कुंडीवर. कुंडीचा कान उडाला. सौ. बाहेर आली, कुंडीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि आत गेली. ह्या कामाला स्प्रिंग आवळून धरणारे हत्यार मिळते. दुसरी नळी मी ते भाड्याने आणून खोलली. वाचकांपैकी कुणाच्या मनात असले काही आले तर त्यांनी पहिली नळीही तशीच खोलावी.

स्प्रिंग आणि कवच निघाले की आतली नळी दिसते. तिच्या तोंडाशी आट्यांचा नट, त्यात तेलाचे सील, त्यातून चकचकीत दांडा आत गेलेला. डाव्या नळीतून जे निघाले ते तेल म्हणायला जीभ धजत नाही. कारखान्यातल्या मळीसारखे काळे, दाट आणि जेमतेम चमचाभर. उजवीत थोडे अधिक होते. एका बाजूचा पाय घासतो आहे आणि दुसऱ्या बाजूचा हवेत. मग मागचे चाक वळणावर वेगळे मत देईल नाही तर काय!

तेल गेले कुठून ते शोधायला भिंग लागले नाही. दांड्यावर गंजाचे चार-पाच टिपके होते. दांडा वर-खाली होताना प्रत्येक टिपका कानशीसारखा सीलची कड खरवडीत होता. नुसते सील बदलले असते तर महिन्यात पुन्हा तेच. दांडे उद्यमनगरात लेथवाल्याकडे दिले. त्याने ते सरळ आहेत का बघितले, वरून घासले आणि हार्ड क्रोम करवून दिले. सीलच्या दुकानात जुने सील मापून तीन मापे सांगितली : आतले, बाहेरचे, जाडी. दुकानदाराने न बघता डबा काढला. गाडीचे नाव त्याने विचारलेही नाही. जगात सील फक्त मापाला ओळखतात.

भाग घासलेटात धुतले. दट्ट्याची भोके तारेने कोरायची नाहीत, मोठी होतात; नुसते फुंकायचे. तेल शॉकअपचेच घेतले. दाट तेल घातले तर नळी ताठ होते, पातळ घातले तर सैल. किती घालायचे ते आबांच्या वहीत होते, कारखान्याच्या पुस्तकातून उतरवलेले. मापाला आईच्या खोकल्याच्या औषधाचे भांडे. दोन्ही नळ्यांत थेंबाला थेंब सारखे, कारण एक कमी तर पुन्हा तीच शेपटी. मग दांडा सावकाश वर-खाली, वर-खाली, आतली हवा निघेपर्यंत. सुरुवातीला मधेच पोकळ लागतो, मग ती पोकळी नाहीशी होते. दाबला की सहज जातो, ओढला की जड येतो. ते जड येणे हाताला लागले तेव्हा मला आबांच्या झोपाळ्यावरचा पाय आठवला.

सगळ्याच नळ्यांशी असे वागू नये, हेही सांगितले पाहिजे. १९५०च्या दशकात फ्रान्समधल्या द कार्बों यांच्या कल्पनेतून निघालेल्या नळ्यांत तेलाच्या सोबतीला मोठ्या दाबाचा नायट्रोजन असतो. बेल्जियमच्या टिल्केन्स नावाच्या इंजिनिअरने एकाच नळीवर मागचे चाक तोलायची युक्ती काढली, ती यामाहाने घेतली, आणि १९७३ साली तीवर जागतिक अजिंक्यपदही मिळवले. आजच्या बऱ्याच गाड्यांना अशी एकच नळी असते, बहुधा वायूची. दाबाची नळी अंगणात खोलणे म्हणजे तुळशीची कुंडीच नव्हे, खोलणाऱ्याचे डोकेही पणाला लावणे. ती ज्याच्याकडे वायू भरायचे साधन आहे त्याच्याकडेच द्यावी.

नवमीच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही नळ्या गाडीला चढवल्या. धाकटा भाऊ आला होता. त्याने बैठक दाबून बघितली, काही न बोलता हात पुसले आणि गिऱ्हाइकाला फोन करायला बाहेर गेला. काय सांगितले ते त्याने मला सांगितले नाही, मी विचारले नाही.

आई काठी टेकत अंगणात आली. तिचे वय आता शहाऐंशी. "बघू," म्हणाली. आबा गाडी घेऊन आले की ती अशीच बघे. तळहात मागच्या बैठकीवर टेकवायचा, अंगाचा सगळा भार द्यायचा आणि सोडायचा. बैठक खाली गेली. सावकाश वर आली आणि थांबली.

"एकदाच आली," आई म्हणाली, आणि सौ.ला हाक मारून हळदकुंकवाची कोयरी मागितली. तिला वाटले पूजा आजच आहे.

त्याला वर्ष होत आले. पन्हाळ्याला दोनदा जाऊन आलो, राधानगरीला एकदा. लाल दोऱ्याची नळी कोरडी ठणठणीत आहे. पांढऱ्या दोऱ्याच्या नळीच्या तोंडाशी पावसाळ्यानंतर तेलाची बारीक कड दिसू लागली आहे. सील आणून ठेवले आहे. फराळ झाला की खोलू म्हणतो.